दुसरी खाट

चि. बाबू,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या कादंबरीची ११२ पानं वाचून झाली. दोन दुपारी लागल्या. बाहेर ४५ अंशांचं ऊन, खिडकीत कूलर आणि मांडीवर तुझं स्पायरल बाइंडिंग. तुला माझं मत समोरासमोर हवं होतं. पण समोर बसलास की तू प्रत्येक प्रसंगाची बाजू लढवतोस आणि मला तुझं मन मोडवत नाही. म्हणून लिहून पाठवतो.

शेवटापासून सुरुवात करतो. नाव-गाव बदलून विद्यापीठात राहिलेला तुझा पोलीस नायक रात्री नागपूरच्या फुटाळा तलावाच्या काठावर रूममेटकडून खुनाची कबुली काढतो. खिशातल्या मोबाइलवर सगळं रेकॉर्ड होतं. मग तो ओळखपत्र दाखवतो, बेड्या पडतात आणि कादंबरी संपते.

बाबू, ही कबुली कोर्टात उभीच राहत नाही.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याचं कलम २३ काढून वाच. पोलीस अधिकाऱ्याजवळ दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही, इतकं सरळ वाक्य आहे. १८७२ च्या जुन्या कायद्यात हेच कलम २५ होतं, माझी पोलिसातली सगळी नोकरी त्याच्या धाकात गेली. समोरचा माणूस पोलीस आहे हे आरोपीला माहीत असायला हवं, अशी अट त्या वाक्यात कुठेही नाही. अंगावर खाकी असो की होस्टेलमधली बनियन, ऐकणारा कान पोलिसाचा असला की कबुली बाद. मोबाइलमध्ये साठवली तरी ती तीच कबुली. फसवून काढलेल्या कबुलीचं मात्र कायद्याला एवढं वावडं नाही. कलम २२ म्हणतं की गुप्ततेचं वचन देऊन, फसवून किंवा माणूस नशेत असताना मिळाली एवढ्याच कारणाने कबुली निरुपयोगी ठरत नाही. कायद्याला फसवणूक चालून जाते, पोलिसाचा कान चालत नाही. कोठडीत कबुल्या कशा निघतात हे कायदा लिहिणाऱ्यांना दीडशे वर्षांपूर्वीही ठाऊक होतं.

तू विचारशील, त्याने सांगितलेल्या जागेवरून हत्यार काढलं तर? त्याला आम्ही मेमोरंडम पंचनामा म्हणतो आणि माहितीचा तेवढा भाग कोर्टात चालतो, पण ती सवलत पोलिसांच्या ताब्यातल्या आरोपीने दिलेल्या माहितीसाठी आहे. काठावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडणारा तुझा रूममेट कोणाच्याच ताब्यात नाही. हत्यार सापडेल, प्रयोगशाळेत जाईल. पण ‘जागा यानेच सांगितली’ हे पिंजऱ्यात उभं राहून सांगायला तुझ्या नायकाने तोंड उघडलं की बचाव पक्षाचा वकील उठून उभा राहील.

म्हणून हा प्रसंग काढून टाकू नकोस. शेवटून उचल आणि मध्यावर आणून ठेव. तुझ्या नायकाला सगळं कळलं आहे, त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे, आणि त्यातलं एक अक्षरही त्याच्या कामाचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच खोलीत त्याच माणसासोबत त्याला चहा प्यायचा आहे. तुला मानसशास्त्रीय थरार हवा होता ना? तो इथे पडला आहे, आणि तू त्याच्यावर बेड्या ठोकून मोकळा झालास.

पुढे त्याच्यापाशी दोन वाटा राहतात. पहिली तुम्हा लेखकांना कंटाळवाणी वाटते: फोनचे सीडीआर, म्हणजे कोणी कोणाला कधी फोन केला त्याच्या नोंदी, मेट्रो स्टेशनचं सीसीटीव्ही, मेसच्या रजिस्टरमधली सही, सगळं नव्याने आणि त्या कबुलीचं नावही न घेता उभं करायचं. दुसरी वाट दंडाधिकाऱ्याकडे जाते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली दंडाधिकाऱ्यासमोर दिलेली कबुली चालते, पण ती स्वखुशीची हवी. तू कबुली द्यायला बांधील नाहीस, दिलीस तर ती तुझ्याविरुद्ध वापरली जाईल, हे दंडाधिकारी त्याला आधी समजावून सांगतात. म्हणजे रूममेटने आपल्या पायांनी तिथे जावं असं नायकाला वाटतं, आणि त्यासाठी दबाव आणायची सोय नाही. फक्त मित्र म्हणून बोलता येईल. तो खरंच मित्र आहे का, हा प्रश्न तिथे टाळता येणार नाही.

नायक खासगी गुप्तहेर केलास तर कलम २३ आडवं येत नाही. आपल्याकडे त्या धंद्यासाठी परवान्याचा कायदाच नाही. २००७ मध्ये राज्यसभेत विधेयक आलं होतं, त्याचा कायदा झाला नाही. खासगी माणसाजवळ दिलेली कबुली कोर्ट ऐकतं, पण तिला दुबळा पुरावा मानतं आणि जोडीला आणखी काही मागतं. तरी तू हे करू नये असं मला वाटतं. तुझ्या नायकाच्या मागे खातं आहे, रोज अहवाल मागणारा साहेब आहे. ते काढलंस की त्याच्या मानेवरचं जू जाईल आणि गोष्ट सैल पडेल.

आता वेशांतराबद्दल. तू चष्मा, दाढी, बनावट मार्कशीट यांवर चार पानं खर्च केलीस. २०२२ मध्ये इंदूरच्या एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात रॅगिंगची निनावी तक्रार आली. नाव सांगायला कोणी पुढे येईना. तेव्हा २४ वर्षांची एक महिला कॉन्स्टेबल काही महिने विद्यार्थिनी म्हणून तिथे वावरली. सोबतचं कोणी परिचारिका झालं, कोणी कँटीनमध्ये कामाला लागलं. दाढी-मिशा कोणीच लावल्या नाहीत. ती कँटीनमध्ये बसायची, पोरांशी गप्पा मारायची. त्या गप्पांतून ११ सिनिअर विद्यार्थ्यांची नावं निघाली. कँटीनमध्ये नुसतं बसायचं आणि घाई करायची नाही, ही फार अवघड कला आहे. तुझा नायक पहिल्याच आठवड्यात तीन जणांना खोदून खोदून विचारतो. आमच्या वेळी असं करणाऱ्याला साहेबांनी परत बोलावून घेतलं असतं.

त्याला पकडून देईल ती त्याची भाषा. तू त्याला पुण्याचा दाखवलास आणि तो नागपुरात सांगतो की मी इथलाच, महाल भागातला. मग तो ‘येतोय’, ‘करतोय’ कसा म्हणेल? इथलं पोरगं ‘येऊन राहिलो ना बे’ म्हणतं. इथे माणूस ऑटोने जातो, रिक्षाने नाही. सीताबर्डीला बर्डी म्हणतो. खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, खात नसला तरी प्लास्टिकच्या पन्नीवर तो कसा घोटतात हे त्याने रोज पाहिलेलं असतं. आणि हे उलट बाजूनेही वापर. डोळ्याला ‘डोया’ म्हणणारा पोरगा वऱ्हाडाकडचा, ‘डोरा’ म्हणणारा भंडारा-गडचिरोलीच्या झाडीपट्टीतला. कुठला आहेस ते खोटं सांगता येतं. झोपेत, तापात किंवा आईशी फोनवर बोलताना ‘ळ’चं काय होतं ते लपवता येत नाही. तुझ्या नायकाला एखादा धागा असा सापडू दे, आणि रूममेटलाही नायकाबद्दल असाच सापडू दे.

विद्यापीठाचं तू एकच भलंमोठं गेट केलंस आणि आत घड्याळाचा मनोरा. नागपूर विद्यापीठ १९२३ चं आहे आणि ते शहरात विखुरलेलं आहे. कागद प्रशासकीय इमारतीत, बरेचसे विभाग अमरावती रोडच्या बाजूला, पोरं कुठे भाड्याच्या खोल्यांत. हे विखुरलेपण तुझ्या फायद्याचं आहे. माणूस एका ठिकाणी एक, दुसऱ्या ठिकाणी दुसरा होऊन राहू शकतो. फक्त खून घडवायला खऱ्या विद्यापीठाचं आणि विभागाचं नाव नको. नाव कल्पनेतलं घे, ऊन आणि रस्ते खरे ठेव. नायकाला पीएच.डी.चा विद्यार्थी केलंस ते मात्र चांगलं. तिशीतला माणूस तिथे कोणाच्या नजरेत येत नाही.

खुनी पकडल्यावर तू एका वाक्यात त्याला ‘स्किझोफ्रेनियाचा रुग्ण, म्हणजे दोन व्यक्तिमत्त्वांचा माणूस’ असं करून टाकलंस. ते पान फाड. स्किझोफ्रेनिया म्हणजे दोन व्यक्तिमत्त्वं नव्हेत. त्या आजारात भास होतात, भ्रम होतात, विचारांची संगती तुटते, आणि ते सोसणारी बहुतेक माणसं कोणाला इजा करत नाहीत. नोकरीत मी खून केलेली माणसं पाहिली. बहुतेक तुझ्या-माझ्यासारखी होती, म्हणून तर भीती वाटायची. आणि दोन नावांनी जगणारा तुझ्या कादंबरीत एकच आहे, तुझा नायक.

त्याच्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण मी ते केलं आहे.

१९८८ ची गोष्ट. विद्यापीठाच्या परीक्षेचे पेपर फुटत होते. गैरप्रकाराविरुद्धचा १९८२ चा कायदा होता, पण पाकिटं कोणाकडून कोणाकडे जातात हे कळेना. मी सत्तावीस वर्षांचा, अंगाने बारीक. दुसऱ्या एका गावात, नापास होऊन पुन्हा बसलेला विद्यार्थी म्हणून मला एका खोलीत ठेवलं. दोन खाटा, एक स्टोव्ह. दुसऱ्या खाटेवरचा मुलगा गडचिरोलीकडचा होता. त्याच्या घरून महिन्यातून एकदा मोहाची फुलं आणि तांदूळ यायचे. तो भात रांधायचा, मी भांडी घासायचो. मला इंग्रजी यायचं नाही असं मी सोंग घेतलं होतं, तर तो रोज रात्री मला इंग्रजीचे धडे शिकवायचा. अडीच महिने.

मला मलेरिया झाला तेव्हा तीन रात्री तो माझ्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत जागला. तिसऱ्या रात्री, मी झोपलो असं समजून, तो शेजारच्या खोलीतल्या मुलाशी पाकिटांबद्दल बोलला. मोठे लोक दुसरेच होते. हा फक्त सायकलवरून पोचवायचा, खोलीचं भाडं निघावं म्हणून. पट्टी माझ्या कपाळावर होती आणि मी डोळे मिटून ऐकत होतो. ताप उतरल्यावर मी अहवाल लिहिला. त्यात सायकलचा रंगही लिहिला. पट्ट्यांचं काही लिहिलं नाही, त्यासाठी रकाना नव्हता.

कोर्टात साक्ष देऊन मी व्हरांड्यात आलो, तर तो बाकावर बसला होता, हवालदार शेजारी. त्याने माझ्याकडे खालपासून वर पाहिलं. खोलीत मी अडीच महिने एकाच तुटक्या चपलेवर होतो. तो खोलीतल्याच आवाजात म्हणाला, ‘‘जोडे नवे घेतले का?’’

मला उत्तर देता आलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर आम्हाला त्यांची सवय असते.

ड्युटी मी बरोबर केली असं मी आजही मानतो. पेपर फुटल्याने हजारो पोरांचं वर्ष वाया जातं, त्यात माझा भाचाही होता. पण त्यानंतर वर्षभर घरी कोणी माझ्या तब्येतीची विचारपूस केली की मी बारीक लक्ष देऊन ऐकायचो, त्याला काय हवं असेल म्हणून. बायको म्हणायची, तुम्ही हल्ली प्रश्न विचारल्यासारखे बोलता. नायकाच्या मनाचं जे व्हायचं ते असं होतं. आरशात दुसराच चेहरा दिसणं, स्वप्नात रक्त, हे तू कुठून तरी आणलेलं आहेस. खरी गोष्ट अशी की आपल्याला त्या खोलीची आठवण येते. खोट्या नावाने ज्या घरात प्रेमाने हाक मारली गेली, ते घर आपलं वाटायला लागतं.

आणि हे वर्षानुवर्षं चाललं तर काय होतं, त्याचंही उदाहरण आहे. ब्रिटनच्या पोलिसांनी १९६८ ते २००८ चाळीस वर्षं एक गुप्त पथक आंदोलकांमध्ये पेरून ठेवलं होतं. काहींनी मेलेल्या लहान मुलांची नावं घेतली, काही जण आंदोलनातल्या बायकांसोबत अनेक वर्षं जोडीदार म्हणून राहिले. २०१५ मध्ये त्याची सरकारी चौकशी सुरू झाली. त्या बायकांनी जे सांगितलं त्याचा गाभा एकच आहे: आपण ज्याच्यावर प्रेम केलं तो माणूस कधी नव्हताच. तुझ्या कादंबरीत हे वाक्य कोणाच्या तरी वाट्याला यायला हवं, आणि सध्या तरी ते म्हणेल असं कोणीही तुझ्या ११२ पानांत नाही.

तिथेच मला तुझी चूक दिसते. तू खुनी आधी लिहिलास आणि मग त्याला खोलीत आणून ठेवलंस. म्हणून तो पहिल्या पानापासून संशयास्पद बोलतो आणि आम्हाला त्याच्याबद्दल काही वाटत नाही. आधी मित्र लिही. चाळीस पानं फक्त मित्र. तो काय रांधतो, गाइडच्या दाराबाहेर किती वेळ उभा राहतो, फेलोशिप थकली की कोणाकडून उसने मागतो, बहिणीशी फोनवर कोणत्या बोलीत बोलतो. वाचकाने त्याच्यावर इतका जीव लावावा की खून त्याने केला हे कळल्यावर नायकासारखंच वाचकालाही ते साहेबाला कळवू नये असं वाटावं. मेलेल्या मुलीलाही तेवढीच पानं दे. सध्या ती फक्त प्रेत आहे. तिचं लिहिलं नाहीस तर वाचक मित्राला माफ करून बसेल, आणि तो अन्याय तुझ्या हातून व्हायला नको.

सगळं एकदम बदलायला बसू नकोस. एकच प्रकरण लिही. नायक निघून गेला आहे, खरं काय ते सगळ्यांना कळलं आहे, आणि त्या खोलीत दोन खाटा तशाच आहेत. दुसऱ्या खाटेवर त्याची उशी, बादली, रूममेटच्या अक्षरातली इंग्रजीची वही. पोलीस घ्यायला यायच्या आधी रूममेटपाशी एक तास आहे. त्या तासात तो त्या वस्तूंचं काय करतो, एवढंच लिहून आण.

रविवारी दहानंतर मी घरीच असतो.

तुझा
काका