रविवारी करून ठेवलेलं जेवण बुधवारी बेचव का लागतं? गरम करायची नीट पद्धत कोणती?

तुम्ही लिहिलंय की दोघांच्या नोकऱ्या आहेत, म्हणून रविवारी भाज्या, आमटी, भात, पोळ्या सगळं करून फ्रिजमध्ये ठेवता. बुधवारी मायक्रोवेव्हमध्ये फुल पॉवरवर तीन मिनिटं फिरवलं की भाजीचा लगदा होतो आणि पोळ्या वातड होतात. आणि शेवटी हळूच एक वाक्य टाकलंय: ‘सासूबाई म्हणतात, शिळंच ते, असंच लागणार.’ खरं सांगायचं तर मी त्या वाक्यासाठीच लिहायला बसलेय.

असंच लागायला हवं असं काही नाही. तुमची गडबड बुधवारी मायक्रोवेव्हपाशी होत नाही, रविवारी गॅसपाशी होते. तुम्ही लगेच पानात वाढायची भाजी करता आणि ती तीन दिवसांनी खाता. ठेवायची भाजी वेगळी करावी लागते.

माझं माहेर वेंगुर्ल्याकडचं, सासर साताऱ्याचं, आणि बिऱ्हाड पुण्यात. मी एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये शिफ्टमध्ये काम करते, त्यामुळे लग्नापासून आमच्याकडे करून ठेवलेलंच जेवण असतं. नवऱ्याची तक्रार नाही. तक्रार नणंदेची. वन्सं मे महिन्यात मुलांना घेऊन राहायला आल्या होत्या. पहिल्याच दिवशी फ्रिज उघडला, आत ओळीने लावलेले डबे बघितले आणि समोरच्या फ्लॅटमधल्या काकू बसलेल्या असताना म्हणाल्या, “माझ्या भावाला शिळंपाकं खाऊ घालतेस होय गं?” हे वाक्य मी अजून विसरलेले नाही, तुम्हाला कळलंच असेल.

आदल्या दिवशी मटण आणलं होतं. निम्म्याचा रस्सा केला होता, निम्मं सुकं. दुसऱ्या दिवशी मी ड्युटीवर, तेव्हा वन्संनी सुकं मटण ताटलीत काढलं, वर झाकण नाही, पाण्याचा हबका नाही, तसंच मायक्रोवेव्हमध्ये फिरवलं. मी आले तर मला ताटली नाकाशी धरून दाखवली. “घे, वास घे. म्हणून आम्ही शिळं खात नाही.”

वास येतच होता. जुन्या तेलाचा, ओल्या पुठ्ठ्याचा म्हणतात तसा. पण तो सडल्याचा वास नव्हता. शिजलेल्या मांसातलं लोह मोकळं होतं, त्याच्यामुळे चरबीचा हवेशी संयोग भराभर होतो, आणि फ्रिजमध्ये एका रात्रीत हा वास तयार होतो. गरम केलं की वर येतो. तुकडे जितके उघडे तितका जास्त. रश्शात तुकडे बुडलेले असतात, हवा लागत नाही, शिवाय लसूण आणि मसाले ही क्रिया मंद करतात. मी त्याच संध्याकाळी त्याच मटणाचा रस्सा काढला. घट्ट झाला होता, त्यात कपभर उकळतं पाणी घातलं, मंद आचेवर पातेल्याच्या कडेने बुडबुडे येईपर्यंत ठेवला, आणि वरून छोट्या कढल्यात तेल तापवून चार पाकळ्या ठेचलेला लसूण आणि कांदा-लसूण मसाला चमचाभर, अशी फोडणी दिली. मसाला तेलात टाकताच गॅस बंद करायचा, नाहीतर करपतो. मुलं भाकरी कुस्करून दोन-दोन वाट्या प्यायली. वन्सं म्हणाल्या, “हा तर आत्ता केलास ना.” मी हो पण म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही.

तर धडा क्रमांक एक: सुकं मटण, तळलेलं चिकन ठेवू नका, संपवा. रस्सा ठेवा. दुसऱ्या दिवशी तो चांगलाच लागतो.

आता भाताची गोष्ट, कारण खरं भांडण त्यावरून झालं. एका रात्री वन्संनी कुकरभर भात लावला, निम्मा उरला, आणि तो तसाच कुकरमध्ये, झाकण लावून, ओट्यावर रात्रभर राहिला. फ्रिजमध्ये ठेवला नाही कारण ‘फ्रिजमधलं शिळं’. सकाळी त्याला फोडणी घालायला कढई चढवली, कारण फोडणी घातली की ताजा. मी तो भात उचलून केरात ओतला. मग जे झालं ते झालं. अन्नाचा अपमान, आईबापांचे संस्कार, सगळं निघालं आणि बरेच दिवस आमच्यात अबोला होता.

मला त्याबद्दल आजही काही वाटत नाही. कच्च्या तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात, ते शिजवताना मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते उगवतात, वाढतात आणि विष तयार करतात. ते विष उकळून, परतून, फोडणी घालून जात नाही. जंतू मरतात, विष तसंच राहतं. लॅबमध्ये आम्ही जंतू वाढवायला इन्क्युबेटर ३७ अंशांवर लावतो. मे महिन्यात ओट्यावरचा बंद कुकर म्हणजे तेच यंत्र, फक्त त्याला शिट्टी आहे. भात उरला की परातीत पसरायचा, वाफ गेली की डब्यात भरून तास-दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी संपवायचा. बुधवारपर्यंत नाही. फोडणीचा भात आदल्या दिवशीच्या फ्रिजमधल्या भाताचाच चांगला होतो, शितं सुटी राहतात. नुसता वाढायचा असेल तर पाण्याचा हबका, वर झाकण, आणि पूर्ण वाफाळेपर्यंत.

आणि गंमत ऐका. ह्याच वन्संनी साताऱ्याहून येताना एसटीत खायला काय आणलं होतं? दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. आदल्या रात्री केलेल्या. दुधात भिजवलेली कणीक आणि भरपूर तेल, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही मऊ. आमच्या शेजारच्या गुजराती काकू रांधण छठीला थेपले करून ठेवतात आणि शीतळा सातमीला चूलच पेटवत नाहीत, सगळं गार खातात. त्या थेपल्यांतही दही आणि तेल असतं. आपल्या बायकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे कुठलं जेवण ठेवायचं आणि कुठलं नाही. फ्रिज आला आणि आपण सरसकट सगळंच त्यात कोंबायला लागलो.

म्हणजे तुमच्या पोळ्यांचं उत्तर आलंच. पोळी फ्रिजमध्ये ठेवायचीच नाही. शिजलेला स्टार्च चार-पाच अंशांना सगळ्यात लवकर कडक होतो, बाहेर ठेवलेल्यापेक्षाही लवकर. एका दिवसापुरती असेल तर फडक्यात गुंडाळून डब्यात, बाहेर. जास्त दिवस ठेवायची असेल तर कणीक थोडं दूध घालून भिजवा, पोळी अर्धवट भाजा, पूर्ण गार करा, मध्ये बटर पेपर घालून फ्रीझरमध्ये. मग काढून थेट तापलेल्या तव्यावर. मायक्रोवेव्हमध्येच करायची असेल तर ओल्या फडक्यात, पंधरा-वीस सेकंद, आणि लगेच खा. गार झाली की पुन्हा वातड, दुसऱ्यांदा तिला काही वाचवू शकत नाही.

भाज्या-आमट्यांचं माझं एकच तंत्र आहे, आणि ते आईकडून आलंय. आमच्याकडे बांगड्याचं कालवण दुसऱ्या दिवशी व्हायचं ते असं: आई तुकड्या अलगद काढून बाजूला ठेवायची, नुसतं कालवण मातीच्या भांड्यात मंद आटवायची, खोबरं तेल सोडायला लागलं की तुकड्या परत आत, एक वाफ, बास. मासा दुसऱ्यांदा शिजतच नाही, फक्त गरम होतो. म्हापशाची मावशी तेच तुकड्यांशिवाय आटवून सकाळी पोईबरोबर, म्हणजे गोव्याकडच्या पावाबरोबर, वाढते. गोव्यात त्याला ‘काल्ची कोडी’ म्हणतात आणि लोक ती मुद्दाम उरवतात. जे लवकर बिघडतं ते बाजूला काढायचं, उरलेल्यालाच नीट आच द्यायची. बाकी सगळं यातून निघतं. मटकी-चवळीची उसळ थोडी कमी शिजवा, कारण गरम करताना ती परत शिजणार आहे. ओलं खोबरं, कोथिंबीर, लिंबू रविवारी घालायचंच नाही. मीठ हात राखून. फोडणीतली निम्मी मोहरी, हिंग, कढीपत्ता, लसूण बुधवारसाठी ठेवा. मायक्रोवेव्ह पाणी तापवतो, फोडणीचा वास तो परत आणू शकत नाही, तो कढल्यातूनच येतो. दोन मिनिटांचं काम आहे, पण ‘आत्ता केलीस का’ हा प्रश्न त्या दोन मिनिटांमुळेच येतो.

मायक्रोवेव्हला मात्र शिव्या देऊ नका. फुल पॉवर म्हणजे कडेला उकळतंय आणि मध्ये बर्फ. निम्म्या पॉवरवर ठेवा, भाजीला मध्ये खळगा करा, झाकण ठेवा, अर्ध्यात ढवळा, आणि बंद झाल्यावर मिनिटभर तसंच राहू द्या म्हणजे उष्णता पसरते. आमटी घट्ट झाली असेल तर उकळतं पाणी घाला. आणि पूर्ण पातेलं रोज गरम करून परत फ्रिजमध्ये हे बंद करा. खाणार तेवढंच काढा. रोज उकळलेली आमटी तिसऱ्या दिवशी आमटी राहत नाही.

काही गोष्टी राहिल्या. भात सोडला तर रविवारी केलेलं बुधवारपर्यंत ठीक, त्यापुढचं फ्रीझरमध्ये. बटाट्याची भाजी फ्रीझरमध्ये टाकू नका, रवाळ होते. उन्हाळ्यात वीज तासन्‌तास गेली असेल तर फ्रिजमधल्या डब्यांवर विश्वास ठेवू नका. घरात तान्हं बाळ, गरोदर बाई किंवा आजारी माणूस असेल तर भात आणि मटणाच्या बाबतीत माझ्यापेक्षाही जास्त कडक राहा. आणि हो, उकडलेलं अंडं अख्खं मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नका, फुटतं, कधी कधी तोंडात.

सासूबाईंशी वाद घालू नका, मी घातला, उपयोग नसतो. रविवारचा रस्सा बुधवारी लसणाची फोडणी देऊन वाढा आणि कधी केला ते कुणी विचारलं तरच सांगा.

भेंडी मात्र रविवारी करूच नका. ठेवलेल्या भेंडीचं काहीही होऊ शकत नाही.