तलाव तापवायचा, तर आधी झाकण

प्रश्न : आमच्या शेतघरी ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल असा पोहण्याचा तलाव आहे. थंडीत मुले त्यात उतरत नाहीत. जुन्या तांब्याच्या बंबातून किंवा छतावर गुंडाळलेल्या काळ्या नळीतून पाणी फिरवून तलाव घरच्या घरी तापवता येईल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : बंबाचा विचार सोडावा. आपल्या तलावातील सुमारे ४०,००० लिटर पाणी एका अंशाने तापवायला साधारण ४६ युनिट (विजेच्या मीटरवरचे युनिट, म्हणजे किलोवॉट-तास) उष्णता लागते. बंबातील निम्मी उष्णता वाया जाते असे धरले, तर एकेका अंशासाठी वीस-पंचवीस किलो वाळलेले सरपण जाळावे लागेल. शिवाय क्लोरीनच्या पाण्याची आम्लता वाढली की तांबे झिजते आणि तलावाच्या फरश्यांवर हिरवट डाग पडतात.

नळ्यांचा मार्ग चांगला आहे, परंतु पहिला खर्च झाकणावर करावा. तलावाची उष्णता मुख्यतः बाष्पीभवनाने जाते. दिवसाकाठी पृष्ठभागावरून ५ मिलिमीटर पाणी उडाले, तर १६० लिटर पाण्याबरोबर शंभराहून अधिक युनिट उष्णता, म्हणजे दोन अंशांहून जास्त ऊब, निघून जाते. फुगे असलेल्या प्लॅस्टिकचे झाकण, फुगे पाण्याकडे ठेवून, रात्री अंथरावे. मुले उतरण्यापूर्वी मात्र ते पूर्ण काढलेच पाहिजे. अर्धवट उघड्या झाकणाखाली मूल अडकण्याचा धोका असतो.

छतावर एकच लांबलचक नळी गुंडाळू नये. तिच्यातून पाणी फारच थोडे वाहते. ठिबक सिंचनाची काळी बारीक नळी, म्हणजे लॅटरल, १६ मिलिमीटरची आणि ड्रिपर (थेंब सोडणारी तोटी) नसलेली घ्यावी. ती दहा-दहा मीटरच्या तुकड्यांत शेजारी शेजारी मांडून दोन्ही टोके जाड मुख्य नळ्यांना जोडावीत. पंचवीस चौरस मीटर भरायला सुमारे दीड किलोमीटर लॅटरल लागते. मांडणी दक्षिणाभिमुख आणि हिवाळ्यासाठी साधारण ३५ अंश कलती असावी. पाणी गाळणयंत्रानंतर वर न्यावे आणि क्लोरीन नळ्यांतून परतलेल्या पाण्यात मिसळावे.

तासाला दहा हजार लिटर पाणी फिरले, तर भर उन्हातही ते एका फेरीत जेमतेम अंशभर तापेल. परतीचे पाणी हाताला गरम लागत नाही म्हणून अनेक जण प्रवाह मंद करतात. तसे करू नये. नळ्या जितक्या तापतात तितकी त्यांची उष्णता हवेत अधिक जाते, त्यामुळे पुष्कळ पाणी थोडे थोडे तापवणेच फायद्याचे असते. ऊन उतरताच पंप बंद करावा, अन्यथा त्याच नळ्या रात्री तलाव गार करतील.

स्वच्छ उन्हात, झाकणासह, दिवसाला सुमारे एका अंशाची भर अपेक्षित धरावी. दुपारी तीन-चारच्या पोहण्यासाठी एवढे पुरेल. पहाटे पोहण्याचा हट्ट असेल, तर हीट पंपाचा (हवेतील उष्णता खेचून पाण्याला देणाऱ्या विजेच्या यंत्राचा) खर्च करावा लागेल. पाण्यात विजेचे रॉड सोडण्याचा प्रयोग मात्र कोणत्याही परिस्थितीत करू नये. त्यात जीव जाऊ शकतो.