भयपटांचा पटकथाकार आणि त्याचे पुस्तक

प्रश्न : कमी खर्चाचे भयपट लिहिणाऱ्या पटकथाकाराला पुढे कथेतर लेखक म्हणून मान मिळतो का, की भयपटांचा शिक्का कायम राहतो?

उत्तर : अमेरिकेतील जॉन सेल्स यांची कारकीर्द पाहावी. कादंबरीकार म्हणून सुरुवात केलेल्या सेल्स यांनी कमी खर्चाच्या चित्रपटांचे निर्माते रॉजर कॉर्मन यांच्या कंपनीसाठी ‘पिरान्हा’ (१९७८) हा माणसे खाणाऱ्या माशांचा चित्रपट लिहिला आणि अशा कामांतून साठलेल्या पैशांवर सुमारे ६०,००० डॉलरमध्ये स्वतःचा पहिला चित्रपट दिग्दर्शित केला. त्याची पटकथा लिहिताना त्यांनी आधी हाताशी काय आहे ते पाहिले : तिशीच्या आसपासचे, फारसे नाव नसलेले नट आणि चित्रीकरणासाठी प्रामुख्याने एकच घर. म्हणून कथाही जुन्या मित्रमंडळींच्या शनिवार-रविवारच्या भेटीची झाली आणि पाठलाग, गर्दी यांची जागा संवादांनी घेतली. माझ्या मते त्यांच्याकडून शिकण्याजोगी मुख्य गोष्ट हीच आहे. भयपटांची लाज बाळगण्याचे कारण त्यांना कधी पडले नाही, कारण त्या पैशांनीच त्यांना स्वातंत्र्य मिळवून दिले.

१९२० च्या सुमारास वेस्ट व्हर्जिनियातील कोळसा खाणकामगारांनी केलेल्या संपावरील सेल्स यांचा ‘मेटवान’ हा चित्रपट १९८७ साली आला आणि त्याच्या निर्मितीविषयीचे ‘थिंकिंग इन पिक्चर्स’ हे त्यांचे पुस्तकही त्याच वर्षी निघाले. त्यात पटकथाही छापलेली असल्याने लेखकाचे निर्णय मूळ पानांशी ताडून पाहता येतात, आणि पटकथा शिकू इच्छिणाऱ्यांनी ते त्यासाठीच वाचावे.