मुलांना जागतिक विकास आणि सामाजिक बदल शिकवायची सुरुवात कुठून करावी?

व्याख्या आणि संयुक्त राष्ट्रांच्या 17 शाश्वत विकास ध्येयांची यादी बाजूला ठेवा, एका आकड्यापासून सुरू करा. मी शाळेत हा विषय शिकवते आणि पहिल्याच तासाला विचारते, 1990 पासून जगात पाच वर्षांच्या आत दगावणाऱ्या मुलांचं प्रमाण वाढलं की कमी झालं? बरीच मुलं ठामपणे "वाढलं" म्हणतात, आणि मग फळ्यावर 1990 ला दर हजार जन्मांमागे साधारण 93 आणि 2022 ला 37 असं लिहिलं की वर्ग एकदम गप्प होतो, आणि "पण हे झालं कसं?" हा प्रश्न मुलंच विचारतात. तिथून लसीकरण, स्वच्छ पाणी, आईचं शिक्षण सगळं आपोआप येतं, सामाजिक बदल वेगळा शिकवावाच लागत नाही. जगाची आकडेवारी सोपी करून दाखवणाऱ्या गॅपमाइंडर या संस्थेच्या साइटवर डॉलर स्ट्रीट आहे, वेगवेगळ्या देशांतल्या घरांमधल्या चुली, टूथब्रश, संडास यांचे फोटो उत्पन्नाच्या क्रमाने लावलेत, ते नक्की दाखवा, फुकट आहे. फक्त सरासरीवर थांबू नका, सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत हाच आकडा अजून 70 च्या आसपास आहे, तो त्याच तासात सांगा नाहीतर मुलांना वाटतं सगळं सुटलं.