अंगावरचे दूध आणि सहाणेवरची गुटी

एचआयव्ही असलेल्या आईने बाळाला अंगावर पाजावे का, हा प्रश्न कोल्हापुरात समुपदेशन करताना मला वारंवार विचारला जातो. कागल तालुक्यातील एक गरोदर महिला (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत) आठव्या महिन्यात भेटली, तेव्हा तिने डब्याचेच दूध द्यायचे ठरवले होते. अडचण वेगळीच होती. “मॅडम, अंगावर का पाजत न्हाईस, असं सासूबाईंनी इचारलं तर काय सांगू?”

तिसऱ्या महिन्यात निदान होताच, २०१४ पासूनच्या धोरणानुसार, सीडी-फोर (रक्तातील रोगप्रतिकारक पेशींची संख्या) कितीही असो, तिच्या एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीला रोखणाऱ्या, गोळ्या सुरू झाल्या होत्या. तिने त्या न चुकवता घेतल्यामुळे व्हायरल लोड (रक्तातील विषाणूंचे प्रमाण) तपासणीत विषाणू दिसेनासा झाला होता. उपचार नसतील तर बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते आणि नियमित उपचारांनी ती ५ टक्क्यांच्या खाली येते, हे मी तिला सांगितले. ‘शून्य होते’ असे मात्र सांगितले नाही. डब्याच्या दुधाचा खर्च आणि दर वेळी उकळलेले पाणी या गोष्टी निभावणार का, याचा विचार करून तिने स्वतःच अंगावर पाजायचे ठरवले. बाळाला जन्मापासून ६ आठवडे नेव्हिरापिन हे विषाणूविरोधी औषध आणि ६ महिने फक्त आईचे दूध, असे ठरले.

सहाव्या आठवड्यात एचआयव्ही तपासणीसाठी बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेताना मी सहज ‘वरचे काही देता का’ असे विचारले, तर ती म्हणाली, “दुधाशिवाय काही न्हाई, गुटी तेवढी.”

चूक माझी होती. गुटी, मध, साखरपाणी यांना आपल्या घरांत कोणी ‘वरचे’ धरतच नाही. पण अशा पदार्थांनी आतड्याच्या कोवळ्या अस्तराला इजा होऊन विषाणूला वाट मिळू शकते. तिचे उपचार नियमित असल्याने दूध तोडण्याचे कारण नव्हते, गुटी थांबवायची होती. २०१७ च्या कायद्याप्रमाणे तिच्या संमतीशिवाय सासूबाईंना निदान सांगता येत नव्हते, आणि त्याची गरजही नव्हती, कारण ६ महिने निव्वळ अंगावरचे दूध हा सल्ला प्रत्येक बाळंतिणीला दिला जातो. सासूबाईंना आत बोलावून तेवढेच सांगितले; थोड्या कुरकुरीनंतर त्यांनी ऐकले.

आईची प्रतिद्रव्ये (विषाणूविरुद्ध शरीरात तयार होणारी, तपासणीत दिसणारी द्रव्ये) बाळाच्या रक्तात १८ महिन्यांपर्यंत राहू शकतात, म्हणून अंतिम तपासणी तेव्हाच झाली. तीही आधीच्या तपासण्यांप्रमाणे निगेटिव्ह आली. तेव्हापासून मी ‘वरचे काही देता का’ असे विचारत नाही. सहाणेवर काय काय उगाळता, ते एकेक नाव घेऊन विचारते.