घाटात नक्की किती चढलो? सायकल कॉम्प्युटरबद्दल तुमचे प्रश्न

पाऊस सरला की मुंबईतले सायकलवाले घाटाकडे निघतात आणि माझ्याकडे तेच प्रश्न परत सुरू होतात, माझ्या सायकल कॉम्प्युटरने (हँडलवर लावायचं, वेग-अंतर-चढ दाखवणारं छोटं यंत्र) इतका चढ दाखवला, मित्राच्या कॉम्प्युटरने तितका, माझा बिघडलाय का, कुठला घेऊ. मी दादरला ही यंत्रं तपासायचं, दुरुस्त करायचं काम करते, त्यामुळे एकेकाला वेगळं लिहिण्यापेक्षा इथे सगळ्यांना एकत्रच उत्तरं देते.

ताई, दुकानदार म्हणतो जीपीएस आहे म्हणजे एलिव्हेशन (उंची) येणारच, वेगळं काही बघू नका. खरंय का? (कांदिवली)

आकडा येतो हो, पण तो भरवशाचा नसतो. जीपीएसचे सगळे उपग्रह आपल्या डोक्यावर असतात, पायाखाली एकही नसतो, त्यामुळे तुम्ही रस्त्यावर कुठे आहात हे जितकं नीट कळतं तितकं तुम्ही किती उंचीवर आहात हे कळत नाही, उंचीतली चूक साधारण दीडपट ते तिप्पट मोठी असते. चढ मोजायचाच असेल तर आत हवेचा दाब मोजणारा सेन्सर हवा, म्हणजे स्पेकमध्ये 'बॅरोमेट्रिक अल्टिमीटर' हे शब्द हवेत. खोक्यावर नुसतं 'एलिव्हेशन' किंवा 'अल्टिट्यूड' छापलंय म्हणजे तो आहे असं होत नाही, आणि हे शब्द मुद्दाम मोठे छापतात म्हणून मला राग येतो. एकाच कंपनीच्या दोन मिळत्याजुळत्या नावांच्या मॉडेलपैकी एकात असतो, दुसऱ्यात नसतो, तेव्हा विकणाऱ्याच्या पानावर नको, कंपनीच्या स्वतःच्या साइटवर बघा.

दुकानातच करून बघता येईल अशी गोष्ट सांगते. कॉम्प्युटर चालू करून उंचीचा आकडा बघून ठेवा आणि बिल्डिंगच्या आतल्या जिन्याने दोन मजले चढा. तिथे जीपीएस धड मिळत नाही, तरी बॅरोमीटर असेल तर काही सेकंदांत सहा-सात मीटर वाढलेले दिसतात. आकडा ढिम्म राहिला किंवा उगाच उड्या मारायला लागला तर समजून जा. दुकानदार इतकंही करू देत नसेल तर दुसरं दुकान बघा.

दादर ते लोणावळा आम्ही दोघं शेजारी शेजारी चालवत गेलो. माझ्याकडे ८६० मीटर, त्याच्याकडे १०१०. कोणाचं बरोबर? (माहीम)

दोघांचंही 'बरोबर' नाही आणि दोघांचंही चूक म्हणता येणार नाही. दादर जवळजवळ समुद्रसपाटीला, लोणावळा सुमारे ६२० मीटरवर, म्हणजे या रस्त्यावर ६०० च्या खालचा आकडा दिसला तर तो नक्की चुकीचा, एवढं डोळे झाकून सांगता येतं. त्याच्या वर जे काही आहे ते वाटेतल्या फ्लायओव्हर, खाड्यांवरचे पूल आणि छोट्या चढउतारांचं, आणि ते किती धरायचं हे प्रत्येक कंपनीचं सॉफ्टवेअर आपापलं ठरवतं. एक म्हणतं दोन मीटर चढलास तर मोजतो, दुसरं म्हणतं पाच झाल्याशिवाय नाही. राइड नोंदवायच्या स्ट्राव्हा ॲपने तर उघड सांगितलंय की बॅरोमीटरची नोंद असेल तर सलग दोन मीटरच्या वरचा चढ मोजतात आणि नसेल तर दहा मीटरच्या वरचा. आता आपला फ्लायओव्हर सात-आठ मीटर उंच, म्हणजे तो एकाच्या हिशोबात येतो आणि दुसऱ्याच्या येत नाही, असे दहा-बारा फ्लायओव्हर झाले की तुमचे शंभरेक मीटर तिथेच गेले.

अजून एक, ही यंत्रं समुद्रसपाटीला १५ अंश तापमान धरून हिशोब करतात. आपल्याकडे सकाळीच ३० असतं. हवा गरम म्हणजे विरळ, आणि विरळ हवेत तितकाच दाब उतरायला जास्त चढावं लागतं, म्हणून यंत्र साधारण पाच टक्के कमी दाखवतं. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंतचा साधारण ५०० मीटर चढाचा घाट म्हणून ४७५ दिसला तर तुमचे कष्ट कुठे गेले नाहीत. तुलना करायची तर स्वतःच्याच यंत्रावर स्वतःच्याच आधीच्या राइडशी करा.

पहाटे साडेचारला घरून निघतो, दहाला परत येतो. सोसायटीच्या गेटवर निघताना ८ मीटर होते, परत आल्यावर उणे १२. सेन्सर गेला का? (चेंबूर)

गेला नाही, उलट नीट काम करतोय! आपल्या पट्ट्यात हवेचा दाब रोज दोनदा वरखाली होतो, समुद्राच्या भरतीओहोटीसारखा. पहाटे चारच्या सुमाराला कमी असतो, सकाळी दहाच्या सुमाराला जास्त, दुपारी चारला परत कमी, रात्री दहाला परत जास्त. पहाटेपासून दहापर्यंतची वाढ दोन-तीन हेक्टोपास्कलची (हे दाब मोजायचं एकक) असते आणि एक हेक्टोपास्कल म्हणजे साधारण साडेआठ मीटर. यंत्राला दाब वाढलेला दिसतो, त्याला वाटतं तुम्ही खाली उतरलात. तुमचे २० मीटर अगदी त्यात बसतात. दुपारी हेच उलटं होतं, सपाट रस्त्यावर बसल्या जागी थोडा चढ जमा होऊ शकतो.

फरक ५०-६० मीटर दिसायला लागला, किंवा गेटवर उभं असताना आकडा धावायला लागला, तर मात्र दाखवून घ्या.

कॅलिब्रेट केलं (यंत्राला खरी उंची भरून दिली) की एकूण चढ वाढतो असं ग्रुपवर वाचलं.

नाही. कॅलिब्रेशनने फक्त सुरुवातीची उंची बदलते, एकूण चढ नाही.

तरी करायचंच असेल तर जवळच्या रेल्वे स्टेशनवर जा, पिवळ्या बोर्डावर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. फुकट आहे आणि ग्रुपवरच्या माहितीपेक्षा खूप बरी आहे.

नवीन कॉम्प्युटर कशाला, फोन आहे ना? माझ्या फोनवरच्या ॲपने कसारा घाटात सगळ्यांपेक्षा जास्त चढ दाखवला. (डोंबिवली)

जास्त दाखवला म्हणून खूश होऊ नका. काही फोनमध्ये बॅरोमीटर असतो, बऱ्याच स्वस्त फोनमध्ये नसतो, आणि असला तरी बंद वॉटरप्रूफ पाउचमध्ये कोंडला की त्याला बाहेरची हवा वेळेवर कळत नाही. बॅरोमीटर नसेल तर ॲप नकाशावरची उंची घेतं. अशा बऱ्याच ॲप आणि साइटच्या मुळाशी २००० सालच्या फेब्रुवारीत स्पेस शटलमधून रडारने केलेली मोजणी आहे, जमिनीचे साधारण ३० मीटरचे चौकोन. घाटातला रस्ता कड्यात खोदलेला, एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला दरी, त्यात ३० मीटरचा चौकोन आणि जीपीएसची थोडी सरकलेली जागा, म्हणजे नकाशा तुम्हाला एका क्षणी कड्यावर चढवतो आणि दुसऱ्या क्षणी दरीत उतरवतो, आणि प्रत्येक वेळी मीटर वाढत जातात. शिवाय ते रडार झाडांच्या शेंड्यांवरून आणि इमारतींच्या गच्च्यांवरूनही परत फिरलं होतं. म्हणून शहरातल्या सपाट रस्त्यावरही कधी कधी डोंगर दिसतात. बॅरोमीटरवाल्या कॉम्प्युटरची राइड असेल तर स्ट्राव्हावर उंची 'करेक्ट' करायचं बटण उगाच दाबू नका, चांगली नोंद जाऊन नकाशाची येते.

पावसात येऊरला गेलो. चढावर ग्रेड (रस्ता किती टक्के चढतोय तो आकडा) शून्य आणि घरी आल्यावर एकदम ४० मीटरची उडी. मित्राने सांगितलं भोक टाचणीने साफ कर. करू का? (ठाणे)

नका करू. हात जोडून सांगते, नका करू.

हे जरा सविस्तर लिहिते कारण दर पावसाळ्यानंतर माझ्या टेबलावर जी यंत्रं येतात त्यातली बरीचशी पावसाने नाही, पावसानंतरच्या उपायांनी गेलेली असतात. कॉम्प्युटरच्या मागे किंवा खाली एक किंवा दोन बारीक भोकं असतात, तिथून हवा आत जाते आणि सेन्सर दाब मोजतो. बऱ्याच यंत्रांत त्या भोकामागे एक पातळ पडदा असतो जो हवा जाऊ देतो आणि पाणी अडवतो. भोकावर पाण्याचा थेंब बसला की हवा अडकते, बाहेरचा दाब बदलतो पण आत कळत नाही, म्हणून चढावर ग्रेड शून्य. थेंब वाळला किंवा हलला की आत-बाहेर एकदम सारखं होतं आणि ४० मीटरची उडी दिसते. म्हणजे तुमचा सेन्सर बहुतेक ठीक आहे, फक्त त्याचं नाक बंद झालं होतं. टाचणी घातलीत की पडदा फाटतो आणि पुढच्या पावसात पाणी थेट आत. मी स्वतः सुरुवातीच्या दिवसांत माझ्या पहिल्या कॉम्प्युटरला शिवणाची सुई घातली होती, आठवड्याभरात स्क्रीनच्या आत वाफ धरली आणि तो परत कधी चालू झाला नाही, अजून वाईट वाटतं.

कम्प्रेसरची हवाही नको, त्याने पडदा आत दबतो. हेअर ड्रायर नको. तांदळाच्या डब्यात ठेवायचं तर अजिबातच नको, पिठूळ धूळ भोकात बसते. आणि सायकल प्रेशर वॉशने धुताना कॉम्प्युटर काढून खिशात ठेवा. 'आयपीएक्स ७ (पाण्यापासून बचावाचं रेटिंग) आहे, काही होत नाही' असं जे सांगतात त्यांना विचारा की ती टेस्ट काय असते: एक मीटर खोल स्थिर पाण्यात अर्धा तास. जोराच्या फवाऱ्याची टेस्ट वेगळी असते, ती यात धरलेली नाही.

करायचं काय तर राइडहून आल्यावर नळाच्या हलक्या धारेखाली साध्या पाण्याने धुवा, घाम, सनस्क्रीन, चिखल सगळं निघतं. भोक खाली करून हलकेच झटका, मऊ कापडाने पुसा आणि रात्रभर पंख्याखाली ठेवा. मरीन ड्राइव्हला भरतीच्या लाटांचे तुषार अंगावर घेतले असतील तर त्याच दिवशी धुवा, मीठ वाळलं की भोकात खडा होतो. दोन दिवस कोरडं राहूनही आकडा अडकत असेल तर थांबू नका, बिल घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला जा. लोक 'बघू, उन्हाळ्यात वाळेल' म्हणत सहा महिने काढतात आणि मग माझ्याकडे येतात तेव्हा वॉरंटी संपलेली असते आणि आत गंज चढलेला असतो, अशा वेळी मी काही करू शकत नाही.

ग्रेडचा आकडा उशिरा बदलतो.

सगळ्यांचाच काही सेकंद उशिरा बदलतो. चाकाला स्पीड सेन्सर लावलात तर थोडा सुधारतो.

समोरून वारा असला की सपाट रस्त्यावर उंची पाच-सहा मीटर हलते. (वरळी)

वाऱ्याचाही दाब असतो. ताशी ४० किलोमीटरचा वारा सरळ भोकावर आला तर साधारण सहा मीटरइतका फरक पडतो, बाजूने ट्रक गेला तरी आकडा हलतो. माउंट (कॉम्प्युटर हँडलला धरून ठेवणारा भाग) थोडा फिरवून भोक वाऱ्याच्या आड येतं का बघा, नाही जमलं तर दुकानात दाखवून दुसरा माउंट लावून बघा.

ऑनलाइन निम्म्या किमतीत वापरलेला मिळतोय, घेऊ का?

बिल आणि वॉरंटी नसेल तर नको. असेल तर आधी वर सांगितलेली जिन्याची परीक्षा करा, भोकात टाचणीचे ओरखडे आहेत का ते टॉर्च मारून बघा, आणि शंका आली तर पैसे देण्याआधी कोणातरी जाणकाराला दाखवा. 'आज रात्रीपर्यंतच ऑफर' म्हणणाऱ्याला उद्या फोन करा.

महिन्याला १०,००० मीटर चढायचं टार्गेट घेतलंय, हल्ली उजवा गुडघा दुखतो. कॉम्प्युटरमध्ये काही सेटिंग आहे का? (मुलुंड)

हा प्रश्न माझा नाही, ऑर्थोपेडिक डॉक्टरांचा आहे, आणि तुम्ही तो त्यांना या आठवड्यातच विचारा. तोवर टार्गेट बंद. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर सीटची उंची एखाद्या चांगल्या बाइक फिटरकडून तपासून घ्या.

मी फक्त वांद्रे ते नरिमन पॉइंट सकाळी जातो, घाटात कधीच जात नाही. बॅरोमीटरवाला घ्यावा का?

नको. त्या पैशात चांगले लाइट घ्या, पहाटे अंधार असतो.

कॉम्प्युटर शनिवारी येतोय, रविवारी माळशेजला जातोय. काही सेटिंग? (कल्याण)

शनिवारी आला तर शनिवारी संध्याकाळी घराजवळ तासभर चालवून बघा, नुसता चार्ज करून थेट घाटात नेऊ नका. रविवारी एसी खोलीतून बाहेर काढल्यावर दहा मिनिटं बाहेरच्या हवेत राहू द्या आणि मगच राइड सुरू करा, सेन्सर गार असताना सुरू केलीत तर तो गरम होईपर्यंत उंची सरकत राहते. आणि उतारावर स्क्रीनकडे बघू नका, माळशेजच्या वळणांवर दगड आलेले असतात, किती चढलात ते खाली आल्यावर चहा घेताना बघा.