आधी ऐक

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. ‘कुंकू’ हा जुना बोलपट लावलास, वर्गातली मुलं खो खो हसली, आणि आता तू प्रकल्पाचा विषयच बदलायचा म्हणतेस. एवढ्यात हात टेकलेस? त्यांनी तो ऐकला का, तेवढं सांग. लॅपटॉपचा क्षीण आवाज, दीडपट वेग, वर पंख्याची घरघर. कसा कळावा?

आधी ऐक. १९३१ साली बोलपट आले, तेव्हा त्यांत उतरलेली कितीतरी मंडळी नाटकातली. शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवायची त्यांच्या गळ्याला सवय. ती तुला ओव्हरअॅक्टिंग वाटते. वाटू दे, पण पहिली दहा मिनिटं कान त्या पट्टीला लागू देत.

आणि ‘कुंकू’ तर १९३७चा. दिग्दर्शक व्ही. शांतारामबापूंनी त्यात पार्श्वसंगीत घेतलंच नाही. आता रडा, असं सांगायला व्हायोलिन नाही. घरातल्या वस्तूंचे आवाज, जुन्या घड्याळाची टिकटिक, बस्स. पैशासाठी म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधलेली नीरा त्याला नवरा मानत नाही. शांता आपटे ते ठणकावून सांगतात तेव्हा त्यांच्या आवाजाला कसलाच आधार नसतो. हसणाऱ्या मुलींपैकी कितीजणींना न विचारता स्थळं येतायत, विचार एकदा.

मी इथे वर्षानुवर्षं जुने बोलपट दाखवले. गाणी कापा, खेळ आटोपता घ्या, असा तगादा असायचा. एक गाणं कापलं नाही. ‘संत तुकाराम’मधून तुकाराम झालेल्या पागनीसांचे अभंग काढून दाखवायचं काय? खुर्च्या रिकाम्या पडल्या, हट्टी म्हणून नाव झालं. आजही तसंच करीन. कारण पुढच्या रांगेत जुन्या गिरणीतले म्हातारे बसायचे. साच्यांच्या खडखडाटात जन्म गेलेला, ऐकू कमी यायचं. कानामागे तळहात धरून ते पूर्ण खेळ ऐकायचे आणि अभंगाला ओठ हलवायचे. पोरवयात हे बोलपट त्यांनी कुठे, कसे पाहिले, ते कुणी लिहून ठेवलं नाही. आता त्यांतलं कुणी उरलं नाही. ही हळहळ जात नाही माझी.

तुला धड कान आहेत आणि तू वेग वाढवून बघतेस, याचा राग येतो मला. माया आहे म्हणूनच येतो.

विषय बदलू नकोस. रविवारी दुपारी घरी ये, हसणाऱ्यांनाही आण. ‘माणूस’ लावू. पंखा बंद राहील, उकडेल. माठात पाणी भरून ठेवतो.

तुझा,
काका